पडद्याशेजारचं माणूस

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दिवस मावळताना चक्कर मारली, तर एक चित्र घरोघर दिसतं. शेतातून आलेली माय भाकरी थापायला बसते, तीन-चार वर्षांचं लेकरू पायात घोटाळतं, आणि ती त्याच्या हातात मोबाईल देते. लेकरू गप्प होतं, भाकरी होतात. या माउलीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दिवसभर हळदीत वाकून आलेल्या बाईला तेवढा अर्धा तास सवड मिळते, ती कुणी हिरावून घेऊ नये. मात्र त्या फोनमधून लेकराच्या पदरात काय पडतं, आणि ते पडण्यासाठी शेजारी कोण असावं लागतं, हे समजून घेतलंच पाहिजे. कारण आता बहुतेक घरांत फोन आहे, आणि तो पहिल्यांदा हातात येण्याचं वय शाळेच्या बरंच आधी आलं आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकन मिरवते. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. याच औंढा आणि कळमनुरी तालुक्यांत आंध आदिवासींच्या वाड्या आहेत, जिल्हाभर बंजारा तांडे आहेत, आणि तिथल्या लेकरांचा शिक्षणाशी पहिला संबंध येतो तो अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्या दोन्ही ठिकाणी गेल्या दहा-बारा वर्षांत पडदा येऊन पोचला आहे. कुठे भिंतीवरचा टीव्ही, कुठे प्रोजेक्टर, कुठे अंगणवाडीच्या ताईंचा फोन.

पडद्यावरून शिकवण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करायचे आणि दूरदर्शनवरून दाखवायचे, हे तिचं काम. एका पिढीला तिचं नाव अजून आठवतं. पुढे केंद्राचं अनुदान थांबलं, पगार रखडले, आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळं लागलं. त्यानंतर फोनवर लहान मुलांचा मजकूर धो धो वाहू लागला, तेव्हा मराठीतून तो निगुतीने करणारी सरकारी संस्थाच उरली नव्हती. ही चूक आपल्याला महागात पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. आज लेकरू फोनवर जी बालगाणी बघतं, त्यांतली बरीचशी दुसऱ्या भाषेतून यंत्रवत उतरवलेली असतात.

दुसरीकडे शाळाच पुढे आल्या. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभरातले शिक्षक तो बघायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर गावोगाव लोकवर्गणीची लाट आली. मराठवाड्यात तर दुष्काळाच्या दिवसांतही गावांनी शाळेच्या टीव्हीसाठी पैसे जमवले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते सर्वत्र आले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

पण लोकवर्गणीतून आलेल्या कितीतरी टीव्हींवर नंतर धूळ साचली. कुठे वीजबिल थकून मीटर कापलं गेलं, कुठे हौशी गुरुजींची बदली झाली आणि पेनड्राइव्ह त्यांच्यासोबत गेला. यंत्र आलं म्हणजे शिक्षण आलं, हा समज आपण एकट्यानेच करून घेतलेला नाही. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला. छोट्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांनी मुलं हरखून गेली होती. पण त्याच लॅपटॉपांची पेरू देशात मोठ्या प्रमाणावर शास्त्रशुद्ध पाहणी झाली, तेव्हा मुलांच्या गणितात आणि वाचनात काही फरक पडलेला दिसला नाही.

मग खेळातून शिक्षण होतच नाही का? होतं, आणि त्याचा चांगला पुरावा आपल्या शेजारच्या बडोद्यात सापडतो. तिथल्या शंभरेक महापालिका शाळांना सरकारने २००० साली प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ मध्ये पाहणी झाली तेव्हा मुलं त्यांतले फारच थोडे वापरत असल्याचं आढळलं. मग ‘प्रथम’ संस्थेने त्यांवर गणिताचे खेळ घातले आणि शाळांत प्रशिक्षित माणसं नेमली. चौथीची मुलं आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, असे खेळत. खेळ मुलाच्या पायरीवरून सुरू होई. जमलं तर पुढचा टप्पा, नाही जमलं तर तिथेच आणखी सराव. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा दोन वर्षं अभ्यास केला. गणिताचे गुण पहिल्या वर्षी चांगले वाढले, दुसऱ्या वर्षी त्याहून अधिक. हुशार आणि मागे पडलेली, दोन्ही मुलं पुढे सरकली. प्रयोग थांबल्यावर वर्षभराने मात्र त्या आघाडीचा थोडाच भाग शिल्लक होता. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, कारण संगणक तेच होते, फरक बाकीच्या गोष्टींनी पाडला. मुलाच्या पायरीचा खेळ, शेजारी एक जोडीदार, आणि अडलं तर विचारायला माणूस. लोकवर्गणीचा टीव्ही ज्या शाळांत खरोखर कामी आला, तिथे हेच घडलेलं दिसतं. गुरुजी चित्रफीत मध्येच थांबवतात. ‘आता काय होईल?’ म्हणून विचारतात. मागच्या ओळीतलं पोरगं बोललं की त्याला पुढे बोलावतात.

सहा वर्षांच्या आतल्या लेकरांची गोष्ट आणखी वेगळी आहे. संशोधक पेट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी माणसं समोर बसून बोलली-खेळली, काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. माणसांपाशी बसलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले, पडदा बघणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही. २०१० मध्ये जुडी डीलोश यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या डीव्हीडीची परीक्षा घेतली. महिनाभर ती बघणारी मुलं न बघणाऱ्यांपेक्षा पुढे नव्हती. सगळ्यांत जास्त शब्द त्या मुलांना आले, ज्यांच्या आईवडिलांनी डीव्हीडी न लावता रोजच्या कामांत तेच शब्द बोलून दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, की दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी फार तर एक तास.

आता फोनवरच्या गणिताच्या खेळाशी झटणारं पाच वर्षांचं लेकरू जवळून बघा. पडद्यावर चार चौकोन आहेत, ‘सात कुठे आहे?’ असा आवाज येतो. लेकरू पहिला चौकोन दाबतं, दुसरा दाबतं, तिसरा दाबतं. चौथ्यावर टाळ्या वाजतात, तारे पडतात, आणि पुढचा प्रश्न येतो. दहा मिनिटांत त्याला पन्नास तारे मिळतात आणि सात मात्र ओळखता येत नाही. आई लांबून टाळ्या ऐकते आणि समाधान पावते. हाच खेळ आजी शेजारी बसून बघत असेल तर ती म्हणेल, ‘थांब बाप्पा, आधी बोट ठेवून मोज.’ त्या एका वाक्याने खेळ बदलतो. खेळ निवडताना आधी हेच तपासावं: उगाच दाबत गेलं तर पुढे जाता येतं का? येत असेल, तर तो खेळ कितीही रंगीत असो, फोनमधून काढून टाकावा. मध्येच जाहिरात येणारा किंवा पैसे भरून नाणी घ्यायला लावणारा खेळही लेकराच्या हातात देऊ नये.

काही खेळांना फोन लागतच नाही, आणि त्यांचा पुरावा फोनच्या खेळांहून भक्कम आहे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी या संशोधकांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांची सरळ पट्टी दिली. चकतीवर एक किंवा दोन येणार, तेवढी घरं पुढे जायचं, आणि जाताना घरातला अंक मोठ्याने म्हणायचा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत मुलांची अंकांची समज ठळक सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. ज्यांच्या पट्टीवर अंकांऐवजी नुसते रंग होते, त्यांना हा लाभ झाला नाही. आपल्या अंगणात हे उद्याच करता येईल. खडूने दहा घरं आखायची, अंक लिहायचे, आणि फासा म्हणून नाणं: छापा आला तर एक, काटा आला तर दोन. पाचच्या घरात असलेलं लेकरू ‘एक, दोन’ म्हणत पुढे गेलं तर त्याला थांबवून ‘सहा, सात’ म्हणवून घ्यायचं. सगळा अभ्यास त्या ‘सहा, सात’मध्ये आहे.

हा धडा दिल्लीतही मिळाला, जरा कडू चवीचा. तिथल्या ‘प्रथम’च्या बालवाड्यांत डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्के यांच्या गटाने मुलांना संख्यांचे आणि आकारांचे खेळ खेळवले. त्यांची अंदाजाची जाण वाढली आणि वर्षभराने टिकलीही, पण शाळेतल्या गणितात त्यांना आघाडी मिळाली नाही, कारण लिहिलेला अंक आणि बोललेली संख्या यांच्याशी त्या खेळांची गाठ पुरेशी बांधलेली नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊन बालवाडी चालवली ती याच जाणिवेने. हातातली वस्तू, तोंडातला शब्द आणि पाटीवरची खूण एकत्र यायला हवी.

करोनाच्या काळात महाराष्ट्रात एका कार्यक्रमाने हे साधलं. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती केली होती. फळ्यासमोर उभे राहून शिकवणारे शिक्षक तिच्यात नव्हते. घरातल्याच वस्तू घेऊन मोठी माणसं मुलांबरोबर काहीतरी करून बघत, आणि बघणाऱ्या घरालाही ते करावंसं वाटे. तिला फोन लागत नव्हता, रिचार्ज लागत नव्हतं. हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी अशीच मालिका आज अंगणवाडीच्या वयासाठी हवी आहे, आणि ती बंजारांच्या गोरमाटी बोलीतही हवी. घरात गोरमाटी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलीसमोर छापील मराठीतला खेळ आला, तर तिला खेळ अवघड जातो की भाषा, हेच कुणाला कळत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. दिवाळी झाली की गाळप हंगामासाठी जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं उचल घेऊन उसाच्या फडावर निघतात. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. सहाच्या आतलं लेकरू मात्र आईबरोबरच जातं, आणि चार-पाच महिने त्याची अंगणवाडी सुटते. फोन मात्र फडावर पोचतो. तिथे रेंज मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोनमध्ये काही भरून देणं हा भरवशाचा उपाय. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत आणि त्या उतरवून घेता येतात. वाचू लागलेल्या भावंडासाठी ‘रीड अलाँग’ हे मराठी वाचन ऐकून चुका दाखवणारं अ‍ॅप आहे, तेही आधी गोष्टी उतरवून ठेवल्या तर नेटशिवाय चालतं. आणि रेंज मिळेल तिथे ताईंनी आठवड्याला एक मिनिटभराचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, ‘या आठवड्यात ऊस मोजा, मोठी मोळी कुठली ते सांगा’, तर लेकराला ओळखीचा गळा ऐकू येतो आणि आईला काय करायचं ते कळतं. या कामाला फारसा निधी लागत नाही. मात्र कोणती लेकरं कुणाबरोबर कुठे गेली, याची यादी ताईंच्या हातात असायला हवी.

मोठ्या मुलांच्या फोनचं काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी मात्र ७६ टक्क्यांनी. सवय लहानपणीच लागते. फोन म्हणजे कुणीतरी शेजारी बसून बघायची वस्तू, हे ज्या घरात चौथ्या वर्षी ठरतं, त्या घराला चौदाव्या वर्षीचं भांडण सोपं जातं.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो. त्यातून अंगणवाडीला टीव्ही घेण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत आला, तर जरूर पाठिंबा द्या. पण उठून दोन प्रश्नही विचारा: वीजबिल कोण भरणार, आणि टीव्ही चालू असताना लेकरांजवळ कोण बसणार? दुसऱ्या प्रश्नाला नाव सांगून उत्तर मिळेपर्यंत खरेदी थांबवा.