चंद्रावरचा भेदरलेला तंत्रज्ञ

परग्रहवासीयांच्या आक्रमणाच्या गोष्टी लहानपणापासून वाचताना-बघताना माझं लक्ष तबकड्यांकडे आणि किरणांच्या बंदुकांकडे फारसं गेलं नाही. मला कायम एकाच प्रश्नाने धरून ठेवलं. इतक्या लांबून आलेल्या या मंडळींना आपली यंत्रं चालवून दाखवतं कोण? कुणीतरी दार उघडतं, कुणीतरी खटका दाबतो. तो कुणीतरी बहुतेक वेळा साधा पगारी माणूस असतो, आणि त्याच्या डोक्याला बंदूक लावलेली असते. या माणसाचा सर्वांत प्रामाणिक माग ब्रिटिश टेलिव्हिजनने काढला, असं माझं मत आहे. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतली 1964 ते 1972 ही आठ वर्षं त्या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखी आहेत.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 23 नोव्हेंबर 1963 ला ती सुरू झाली. डॉक्टर नावाचा काळप्रवासी निळ्या पोलिस-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून हिंडतो, आणि त्या काळी दर काही आठवड्यांनी नवी कथा लागायची. मुलांसाठी, शनिवारी संध्याकाळी. पण ती लिहिणारे अनेक जण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहानाचे मोठे झाले होते. दालेक हे यांत्रिक शत्रू निर्माण करणारा टेरी नेशन 1930 साली कार्डिफमध्ये जन्मला. म्हणजे बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता.

नेशनच्याच ‘द दालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ या कथेत, 1964 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, दालेकांनी लंडन जिंकलेलं दिसतं. ते ट्रफाल्गर चौकातून आणि वेस्टमिन्स्टर पुलावरून फिरतात. बेडफर्डशरच्या खाणीत कैद्यांकडून वेठबिगारी करून घेतली जाते. डोक्यावर यंत्र बसवून ज्यांची इच्छाशक्ती काढून घेतली आहे असे ‘रोबोमेन’ त्या कैद्यांवर पहारा देतात. रोबोमेनपेक्षा माझ्या लक्षात राहिल्या त्या रानातल्या झोपडीत राहणाऱ्या दोन बायका. त्यांच्या डोक्यावर कसलंही यंत्र नाही. आश्रयाला आलेल्या दोघींना त्या अन्नाच्या मोबदल्यात दालेकांच्या हवाली करतात. प्रसंग दोन-चार मिनिटांचा आहे, पण तो लिहिणाऱ्याला व्यापलेला देश म्हणजे काय हे नेमकं कळलेलं होतं.

ब्रिटनची मुख्य भूमी जर्मनांच्या ताब्यात कधी गेली नाही. चॅनेल बेटं मात्र 1940 च्या उन्हाळ्यापासून मे 1945 पर्यंत जर्मनांकडे होती, आणि तिथल्या लोकांना रोजचं जगणं त्यांच्या हुकमाखालीच काढावं लागलं. पलीकडे फ्रान्समध्ये रेल्वे, कारखाने, सरकारी कचेऱ्या चालवणाऱ्यांपुढे, शत्रूसाठी काम करायचं की नाही, हा पेच रोज होता. रने कार्मिय हा फ्रेंच सांख्यिकी खात्याचा प्रमुख. माणसांची छिद्रपत्रांवर नोंद करणारी यंत्रं त्याच्या हाताखाली होती. त्याने ती यंत्रं जर्मनांच्या कामी येणार नाहीत अशी व्यवस्था करायला सुरुवात केली. 1944 मध्ये तो पकडला गेला आणि 1945 च्या जानेवारीत दाखाऊच्या छळछावणीत मेला. प्रत्येकाला कार्मिय होणं जमत नाही. ब्रिटिश माणसाच्या मनात युद्धानंतर वीस वर्षं हाच सल राहिला: ते इथे उतरले असते, तर मी काय केलं असतं? केव्हिन ब्राउनलो आणि अँड्र्यू मोलो या दोन पोरसवदा दिग्दर्शकांनी याच प्रश्नावर ‘इट हॅपन्ड हिअर’ हा चित्रपट अनेक वर्षं खपून पूर्ण केला. त्यात जर्मनव्याप्त इंग्लंडमधली एक परिचारिका, फक्त आपलं काम करायला मिळावं म्हणून, हळूहळू सत्ताधाऱ्यांच्या गणवेशात जाते.

अमेरिकेची गोष्ट निराळी होती. तिथल्या 1950 च्या दशकातल्या चित्रपटांत परग्रहवासी माणसाच्या मनाचा ताबा घेतात किंवा त्याची हुबेहूब नक्कल तयार करतात. 1953 च्या ‘इट केम फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये टेलिफोनच्या तारांवर काम करणाऱ्या दोन कामगारांची रूपं घेऊन परके आपल्या यानाच्या दुरुस्तीचं सामान गोळा करतात. चित्रपट चांगला आहे. पण त्या रूपाला स्वतःची लाज वाटत नाही आणि घामही फुटत नाही. ज्याने निवडच केली नाही, त्याला दोष तरी कसला द्यायचा?

‘डॉक्टर हू’मध्ये या प्रश्नाला खरं तोंड फुटलं ते 1968 च्या अखेरीला. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये आठ आठवडे चाललेल्या ‘द इन्व्हेजन’मध्ये टोबायस व्हॉन हा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखानदार सायबरमेन या यंत्र झालेल्या परग्रहवासीयांशी हातमिळवणी करतो. त्याला प्रोफेसर वॉटकिन्सचं एक यंत्र हवं असतं. ते मुळात शिकवण्यासाठी बनवलेलं आहे आणि भावनांचे झटके निर्माण करतं. वॉटकिन्स नकार देतो, म्हणून त्याच्या पुतणीला, इझाबेलला, ओलीस धरलं जातं. मग तो काम करतो, पण करताना एक क्षणही आपला तिरस्कार लपवत नाही. एका प्रसंगात व्हॉन त्याच्या हाती पिस्तूल देऊन म्हणतो, झाड गोळी. वॉटकिन्स खरंच झाडतो. व्हॉनचं शरीर आधीच यंत्राचं झालेलं असल्याने त्याला काहीच होत नाही. पुढे त्याच यंत्राने निर्माण केलेल्या भीतीपुढे सायबरमेन कोलमडतात. प्रसंग जोरकस आहे, पण वॉटकिन्सबद्दल आपल्या मनात क्षणभरही शंका येत नाही. तो शूर आहे, फक्त हात बांधलेला शूर.

त्यानंतर महिन्याभराने, 25 जानेवारी 1969 ला, ब्रायन हेल्सची ‘द सीड्स ऑफ डेथ’ ही सहा भागांची कथा सुरू झाली. तिच्यात या सगळ्यांहून वेगळा माणूस होता.

एकविसाव्या शतकातली पृथ्वी टी-मॅट नावाच्या यंत्रावर चालते. धान्य, औषधं, माणसं, सगळं काही एका कक्षात ठेवायचं आणि क्षणात दुसऱ्या शहरात काढायचं. सगळी जोडणी चंद्रावरच्या तळातून होते. अग्निबाण कुणी उडवत नाही. म्हाताऱ्या प्रोफेसर एल्ड्रेडच्या संग्रहालयात ते जपून ठेवलेले आहेत. ही कथा लागण्याच्या महिनाभर आधी अपोलो 8 ने चंद्राला प्रदक्षिणा घातली होती आणि सहा महिन्यांनी माणूस तिथे उतरणार होता. सगळं जग अग्निबाणांच्या प्रेमात असताना लेखक सांगत होता की सोयीच्या एकाच यंत्रावर सगळा भार टाकलेली मानवजात किती सहज गळपटेल. मंगळावरून आलेल्या हिमयोद्ध्यांना हे बरोबर उमगलेलं आहे. त्यांना मोठं सैन्य उतरवायची घाई नाही. चंद्रतळ हातात आला की शहरं आपोआप उपाशी पडतात. मग टी-मॅटमधूनच बियांचे गोळे पाठवायचे. ते फुटले की फेसासारखी बुरशी पसरते आणि हवेतला प्राणवायू शोषून पृथ्वीची हवा मंगळासारखी विरळ करते. त्यासाठी फक्त यंत्र चालवणारा एक माणूस हवा.

तळाचा प्रमुख ऑस्गुड यंत्र बिघडवून ठेवतो आणि मारला जातो. मग बंदुका तळावरच्या फ्यूशॅम या तंत्रज्ञाकडे वळतात. फ्यूशॅम हो म्हणतो. त्याला पैसे नकोत की सत्ता नको, मंगळवाल्यांबद्दल त्याला कौतुकही नाही. त्याला मरायचं नाही, एवढंच. टेरी स्कलीने हे काम केलं आहे. याच नटाने 1960 मध्ये बीबीसीच्या शेक्सपिअरच्या राजनाटकांच्या मालिकेत सहावा हेन्री रंगवला होता, म्हणजे दुबळेपणाला माणूसपण कसं द्यायचं हे त्याला ठाऊक होतं. त्याचा फ्यूशॅम सतत ओठ चाटतो, घाम पुसतो. हुकूम मिळाला की आधी एक दुबळी हरकत घेतो, स्लार हा हिमयोद्ध्यांचा नायक फुत्कारला की मान खाली घालून तारा जोडू लागतो. त्याचा सहकारी फिप्स तळाच्या दुसऱ्या भागात लपून लढत असतो, आणि दोघांतलं अंतर आपल्याला पदोपदी टोचत राहतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की कथा त्याला हसत नाही. त्याची बाजूही घेत नाही. त्याने दुरुस्त केलेल्या यंत्रातून गेलेल्या बियांनी पृथ्वीवर माणसं मेली, हे ती सतत समोर ठेवते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत: भीती खरी आहे आणि मेलेली माणसंही खरी आहेत. पुढे डॉक्टर आणि बाकीचे टी-मॅटने पृथ्वीवर निसटतात तेव्हा यंत्रापाशी फ्यूशॅम असतो. तोही मागून येणार असतो, पण येत नाही. पाचव्या भागात, 22 फेब्रुवारीला, तो चंद्रावरून पृथ्वीशी दृक्‌संपर्क चालू ठेवतो. स्लार आपल्या सेनापतीला मंगळी ताफ्याला दिशा दाखवणाऱ्या संकेताची माहिती देत असताना ते सगळं पृथ्वीवरच्या नियंत्रण-कक्षात दिसत असतं. स्लारला कळतं आणि तो त्याला ठार करतो. त्या माहितीच्या जोरावर डॉक्टर खोटा संकेत सोडून ताफ्याला सूर्याकडे भरकटवतो. फ्यूशॅमने बंदूक उचलली नाही की भाषण केलं नाही. ज्या कामासाठी त्याला जिवंत ठेवलं होतं, तेच त्याने केलं. फक्त या वेळी यंत्राचं तोंड दुसरीकडे होतं.

कथेत दोष आहेत. फेसाची बुरशी पाहून आजचा प्रेक्षक हसेल, आणि चौथ्या भागात डॉक्टरचं काम करणारा पॅट्रिक ट्राउटन सुटीवर असल्याने डॉक्टर बेशुद्ध पडून राहतो. शेवटी पाऊस पडून बुरशी विरघळते, हेही सोपं झालं. पण त्या काळातले कितीतरी भाग बीबीसीने पुसून टाकले आणि ‘द इन्व्हेजन’चेही दोन भाग हरवले असताना, ‘सीड्स ऑफ डेथ’चे सहाच्या सहा भाग आज बघता येतात, ही भाग्याची गोष्ट आहे.

मालिका 1970 मध्ये रंगीत झाली आणि हा माणूस फिका होत गेला. ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’मधला प्लास्टिक-कारखान्याचा मालक हिबर्ट परक्यांच्या मानसिक पकडीत असतो. पुढच्या वर्षी ‘टेरर ऑफ द ऑटन्स’मध्ये फॅरेलला तर सरळ संमोहितच केलं जातं. दोन्ही कथा रॉबर्ट होम्सच्या, दोन्ही थरारक. पण संमोहन आलं की माणसाचा निर्णय जातो, आणि निर्णय गेला की पाहणाऱ्याचं काळीजही मोकळं राहतं. लेखकाने इथे अवघड वाट टाळली, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

लुई मार्क्सने 1972 च्या जानेवारीत, ‘डे ऑफ द दालेक्स’मध्ये, ती वाट पुन्हा धरली. बाविसाव्या शतकातल्या गुलाम पृथ्वीचा कंट्रोलर दालेकांच्या वतीने कारभार पाहतो. हा तंत्रज्ञ नाही, कारभारी आहे. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हीच चाकरी चालत आली आहे. आपण सवलती मिळवल्या, काही जीव वाचवले, असं तो डॉक्टरला समजावू पाहतो. तो खोटं बोलत नाही, म्हणूनच ते ऐकताना अंगावर काटा येतो. बंडखोर त्याला मारायला निघतात तेव्हा डॉक्टर त्यांना थांबवतो. पुढे तोच डॉक्टरला विसाव्या शतकात परत जाऊ देतो आणि दालेक त्याला संपवतात. ऑब्री वुड्सने ही भूमिका करड्या, थंड आवाजात केली आहे. फ्यूशॅमपाशी स्वतःला सांगायला एकही सबब नव्हती. कंट्रोलरपाशी त्या ढीगभर होत्या, आणि त्यातून बाहेर पडायला त्याला अख्खं आयुष्य लागलं. दोघांना लागोपाठ बघावं, शक्यतो एकाच रात्री, आणि फ्यूशॅम आधी.