अमेरिकेतला चक्का, कॅनडातली अळुवडी

अमेरिकेने 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर 'पटेल ब्रदर्स'चं भारतीय किराण्याचं दुकान उघडलं 1974 मध्ये. तोवर, आणि लहान गावांत तर त्यानंतरही कित्येक वर्षं, स्वयंपाक चालला तो तिथल्या सुपरमार्केटवरच.

उपम्याला रव्याऐवजी 'क्रीम ऑफ व्हीट' आलं. चिवड्यात पोह्यांच्या जागी 'राइस क्रिस्पीज' पडले. ते मुळातच कुरकुरीत, त्यामुळे तळायची कटकट नाही, नुसती फोडणी पुरे. रिकोटा चीजमध्ये दूध पावडर आणि साखर घालून आटवलं, की पेढे वळता येतात. ग्रीक योगर्टमधलं पाणी आधीच गाळलेलं असतं, म्हणून चक्का रात्रभर टांगावा लागत नाही.

अळुवडीसाठी अमेरिका-कॅनडात कोलार्ड किंवा स्विस चार्डची पानं वापरतात. ती अळवासारखी खाजत नाहीत. त्यामुळे चिंच खाज मारायला नको, केवळ चवीपुरती. फक्त कोलार्डची जाड शीर तासून काढायची, नाहीतर उंडा गुंडाळताना पान फाटतं. आमटीला आंबटपणा द्यायला रुबार्बचे देठ चालतात. त्याची पानं मात्र विषारी असतात, ती टाकूनच द्यायची.

मोदकाच्या उकडीसाठी थाई तांदळाची पिठी छान, पण पाकीट नीट वाचून घ्या. शेजारीच चिकट तांदळाचं पीठ असतं. त्याच्या उकडीची पारी धड वळत नाही.