जिवाणू आपली भिंत कशी बांधतात?

दवाखान्यातून अमॉक्सिसिलिनची पट्टी घरी येते. ही पेनिसिलिनच्या घराण्यातली दवा. ती जिवाणूला नेमकी कुठे गाठते, हे आम्ही आज सांगणार आहोत. कारण ते कळले की गोळी कधी घ्यावी आणि कधी घेऊ नये, हेही आपोआप कळते.

बहुतेक जिवाणूंभोवती एक मजबूत भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे आखूड दुवे, अशी तिची वीण. आत पाण्याचा दाब जबर असतो. भिंत कच्ची पडली की जिवाणू फुटतो. पण वाढायचे तर हीच भिंत जागोजागी उसवून तिच्यात नवा माल भरावा लागतो. राहत्या घराची भिंत छप्पर न पडू देता वाढवावी, तसे हे जोखमीचे काम.

ते पाहणे सोपे नव्हते. जिवाणूची रुंदी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग. 2012 मध्ये अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी एक युक्ती जाहीर केली. भिंतीच्या दुव्यांत 'डी' प्रकारची अमिनो आम्ले असतात. अशा आम्लाला चमकणारा रंग जोडून त्यांनी तो जिवाणूंना दिला. जिवाणूंनी तो माल भिंतीत बसवला आणि जिथे नवे बांधकाम, तिथेच चमक दिसू लागली.

2017 मध्ये आणखी पुढचे दिसले. एका जिवाणूचे दोन होताना मधोमध एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे धागे कडे करतात. हे धागे एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला सुटतात आणि असे फिरत राहतात. भिंत बांधणारे गवंडी, म्हणजे एन्झाइम, त्यांच्या मागोमाग फिरतात.

1928 मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन याच गवंड्यांचे हात बांधते. आडवे दुवे जोडणाऱ्या एन्झाइमला ते चिकटून बसते. उसवणे चालू राहते, जोडणे थांबते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हा मारा त्यांच्यावर होत नाही.

पण सर्दी-पडशाच्या विषाणूंनाही अशी भिंत नसते. तिथे ही गोळी काहीच करत नाही. उलट शरीरातले साधे जिवाणू मरतात आणि दवेला न जुमानणाऱ्यांना रान मोकळे मिळते. काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारे एन्झाइम बनवतात, तर काही आपला गवंडीच बदलतात.

म्हणून आमची विनंती: मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या मुलांना देऊ नका. शेजारच्या खालाजानची चिठ्ठी आपल्या घरी चालवू नका. डॉक्टर सांगतील तितकेच दिवस आणि तितक्याच वेळा दवा घ्या. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ते आधीच सांगा.