बोरन्हाण साधंच बरं

संक्रांत जवळ आली की गटाच्या बैठकीत दोन विषय हमखास निघतात. एक हळदीकुंकवाचं वाण आणि दुसरा लेकरांचं बोरन्हाण. वाणाबद्दल आपण दरवर्षी बोलतो, म्हणून आज बोरन्हाणाबद्दल बोलू.

बाळाच्या पहिल्या संक्रांतीपासून ते पाच वर्षांचं होईपर्यंत बोरन्हाण करतात. काही भागांत याला लूट म्हणतात. संक्रांत ते रथसप्तमी यातला कुठलाही दिवस चालतो. मुलाला काळं झबलं किंवा फ्रॉक घालायचा, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, रेवड्या ओतायच्या. भोवती जमलेली पोरं ते वेचतात. ख्रिस्ती घरांत नाताळला मुलांसाठी मोज्यात खाऊ ठेवतात, तसाच हा आपल्याकडचा लेकरांच्या खाऊचा सण.

यातली एकेक वस्तू पाहा. बोर, ऊस, घाटे, शेंगा, तीळ हे सगळं त्या दिवसांत आपल्या शेताबांधावरच असतं. बोरात क जीवनसत्त्व भरपूर असतं. काळं कापड थंडीत ऊब धरतं. म्हणजे हा सण मुळात घरच्या वस्तूंचा, जवळजवळ बिनखर्चाचा.

आता मात्र त्याचं रूप बदलायला लागलंय. मंडप, फुग्यांची कमान, फोटोवाला, पाहुण्यांना जेवण, आणि खाऊच्या जागी चॉकलेटं व प्लॅस्टिकची खेळणी. जावेनं केलं म्हणून आपण करायचं, आपण केलं म्हणून शेजारणीनं. मग अंतर्गत कर्जाच्या अर्जावर "घरगुती कार्यक्रम" असं कारण येतं. हिशोब करू. समजा ५,००० रुपये घेतले आणि गटाचा व्याजदर महिना २ टक्के आहे. पहिल्या महिन्याचं व्याजच १०० रुपये. शेळीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज कमाई करून स्वतःला फेडतं. फुग्यांची कमान संध्याकाळी उतरते, हप्ता मात्र पुढे चालू राहतो.

म्हणून सुचवते की बोरन्हाण गटानं मिळून करा. दहा-बारा मुलं अंगणवाडीत किंवा देवळाच्या ओट्यावर एकत्र बसवा. एकीनं बोरं आणायची, एकीनं ऊस, एकीनं चुरमुरे, एकीनं तिळाच्या रेवड्या. हलव्याचे दागिने एखाद्या बाईला करता येत असतील तर तिलाच काम द्या, तिला चार पैसे मिळतील. नाहीतर चुरमुऱ्यांची माळ ओवा, मुकुट पुठ्ठ्याचा करा. मुलाला फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट सुरू करा. ब्लाउज शिवून उरलेल्या कापडाची प्रत्येक मुलासाठी एक छोटी पिशवी शिवा. त्यावर त्याचं नाव किंवा एखादं फूल दोऱ्यानं भरा. वेचलेला खाऊ मुलानं त्याच पिशवीत ठेवायचा. सण झाला की पिशवी धुऊन ट्रंकेत जपायची आणि पुढच्या संक्रांतीला तीच काढायची. लहान मुलांना दरवर्षी नवं काही लागत नाही. तीच पिशवी, तोच पाट, तेच गाणं पुन्हा आलं की त्यांना ओळखीचा आनंद होतो. जे दरवर्षी सहज जमेल तेच ठेवा. एक वर्ष थाटात आणि पुढची चार वर्षं काहीच नाही, असं नको.

आता काळजीचा भाग, तो नीट ऐका. अख्खे शेंगदाणे, बोराच्या बिया, रेवड्या, गोळ्या, हलव्याचे दाणे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. वेचणं सगळ्यांनी करावं, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला खाऊ आपण निवडून द्यायचा. बोराची बी काढून गर द्या, दाण्याचं कूट करून द्या, कडक रेवडी नकोच. ओतताना टणक वस्तू बाजूला ठेवा, डोळ्याला लागतात. तोंडात खाऊ असताना मुलाला पळू देऊ नका. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, तर डोकं खाली राहील असं त्याला पालथं धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा मारा आणि दुसरीला लगेच १०८ ला फोन करायला सांगा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, अडकलेला घास आणखी आत जातो.

शेवटचं बोलणं औक्षणाबद्दल. ओवाळायला सवाष्णच हवी म्हणून विधवा आजी, आत्या, काकू दाराआड उभ्या राहतात. ज्या आजीनं बाळाला रात्र-रात्र मांडीवर घेतलं, तिनंच लांबून बघायचं, हे कसलं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. आपल्याला ठराव होईपर्यंत थांबायची गरज नाही. पहिलं तबक आजीच्या हातात द्या. बाळाला तिचा हात ओळखीचा आहे. तसंच मुलगा आणि मुलगी असा भेदही नको. दोघांनाही पाट, दोघांनाही पिशवी.

तेव्हा येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून वहीत लिहा. कोण काय आणणार, मुलं कुठे बसवायची आणि पहिलं औक्षण कोण करणार. सणासाठी कर्ज घ्यायचं नाही, ही चौथी ओळही त्याखाली लिहून ठेवा. तिळगूळ घ्या, गोड बोला.