ऐकवणाऱ्यांची सत्तर वर्षं

आपल्याला आवडणारं संगीत आपल्यापर्यंत कसं पोचलं, हे आठवू लागलं की जवळजवळ प्रत्येक आवडीपाशी कुणीतरी माणूस उभा असतो. नाट्यपदं आजीमुळे, गझल शेजारच्या काकांमुळे, जॅझ कॉलेजातल्या मित्रामुळे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांविषयी आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. ऐकवणाऱ्यांविषयी फारच थोडं. गेल्या सत्तर वर्षांत साधनं बदलत गेली, पण एका प्रकारच्या संगीताची वेस ओलांडून दुसऱ्याच्या गावात आपल्याला नेलं ते याच लोकांनी.

सुरुवात रेडिओपासून करायला हवी. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटत गेली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजाने श्रोत्यांना बांधून ठेवलं. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. फर्माइशीच्या कार्यक्रमांत गाण्याआधी ते मागणाऱ्यांची नावं वाचली जायची. झुमरी तलैया हे गाव तर निव्वळ पोस्टकार्डांच्या जोरावर देशभर माहीत झालं. आपल्या आवडीचं गाणं आपल्या नावानिशी हजारो अनोळखी कानांवर पडावं, हाच त्या पोस्टकार्डामागचा आनंद होता.

मराठीत १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ५६ गीतं आठवड्याला एक अशी येत राहिली. वाड्यात, चाळीत एखाद्याच घरी रेडिओ असे. त्याने तो मोठ्याने लावायचा आणि बाकीच्यांनी ओट्यावर, जिन्यात बसून ऐकायचं. एकाच रेडिओवर सगळ्यांची भिस्त, त्यामुळे गीतमालेसाठी आलेल्याला नाट्यपदं ऐकावी लागत आणि ख्यालाच्या शौकिनाला सिनेमाची गाणी. निवडीला वाव नव्हता, पण कित्येकांचे कान तयार झाले ते या नाइलाजातूनच.

एखाद्या जाणत्या श्रोत्याची शिफारस किती दूर जाऊ शकते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९७७ सालचं आहे. त्या वर्षी निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती. तिच्यात बाख आणि बीथोव्हन होते, लुई आर्मस्ट्राँग आणि चक बेरी होते, अनेक देशांचं लोकसंगीत होतं. आणि गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवीही होती. तिची शिफारस केली होती रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने. पण ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली. न्यूयॉर्कमध्ये बरीच शोधाशोध झाल्यावर ती सापडली एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या, तेव्हा दोन्ही यानं वाटेला लागली होती. साडेतीन मिनिटांच्या त्या गाण्यासाठी कुणीतरी हट्ट धरला आणि कुणीतरी खोकी धुंडाळली, म्हणून हे घडलं.

सामान्य श्रोत्याच्या हाती मात्र खरी ताकद आली ती कॅसेटमुळे. फिलिप्सने ती १९६३ साली आणली. आपल्याकडे घराघरांत शिरली ती ऐंशीच्या दशकात. कोरी कॅसेट साठ किंवा नव्वद मिनिटांची. गल्लीतल्या दुकानात गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घेता यायची, पण मित्राने घरी बसून भरून दिलेल्या कॅसेटची सर तिला नसे. नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. मैफलीतला राग चाळिसाव्या मिनिटाला संपला की पाच मिनिटं उरत आणि कोरी फीत वाया घालवणं सगळ्यांच्याच जिवावर येई. त्या उरलेल्या जागेत काय भरायचं, इथे भरणाऱ्याची खरी कसोटी लागायची.

अशी एक कॅसेट मी अजून जपून ठेवली आहे. एका बाजूला कुमार गंधर्वांची मैफल आणि शेवटी रेडिओवरून उतरवलेली यमुनाबाई वाईकरांची लावणी. दुसऱ्या बाजूला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ची अख्खी रेकॉर्ड, आणि त्यानंतर माइल्स डेव्हिसचं ‘ब्लू इन ग्रीन’. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात रागांची नावं लाल शाईने, बाकी सगळं निळ्या. एका कोपऱ्यात सूचना: बासरी कुठे येते तिकडे लक्ष दे. कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे मोडलेले, म्हणजे चुकूनही कुणी त्यावर दुसरं काही भरू नये. जॅझ हा शब्दही तेव्हा मला परका होता. संतूर संपल्यावर बटण दाबायला उठलो नाही, म्हणून तो तुतारीसारखा पण हळवा आवाज कानावर पडला आणि मी तिथेच अडकलो. दुकानात जाऊन जॅझची कॅसेट मी कधीच मागितली नसती.

अशा वाटा कलाकारांनीही खुल्या केल्या. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या चमूमुळे तबल्याचे कितीतरी चाहते गिटारकडे वळले. मुंबईत १९७८ साली रंगभवनात जॅझ यात्रा भरली आणि सॉनी रोलिन्सला लोकांनी समोर बसून ऐकलं. दुकानांचाही यात वाटा होता. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस किंवा पुण्याचं अलूरकर म्युझिक हाऊस इथे गिऱ्हाईक एक मागायला जाई आणि चार गोष्टी ऐकून बाहेर पडे. ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं.

मग एमपीथ्री आल्या, यूट्यूब आलं, २०१९ साली स्पॉटिफायही भारतात आलं. त्यातून मिळालेलं देणं मोठं आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांनी आणि असंख्य संग्राहकांनी जपलेल्या जुन्या गाण्यांची गोडी आता कुणालाही लागू शकते. साताऱ्यातला नातू आणि न्यू जर्सीतली आत्या एकाच वेळी तीच ठुमरी ऐकू शकतात. पण कॅसेट भरायला नव्वद मिनिटं बसावं लागे. लिंक पुढे ढकलायला क्षणही लागत नाही. देणाऱ्याने वेळ घातलेला नसतो, म्हणून घेणाराही घालत नाही. आणि यंत्र सुचवतं ते बहुधा आपण ऐकलेल्याच्या शेजारचं. कुमारांनंतर यमुनाबाई लावायचं सुचतं ते मला ओळखणाऱ्या माणसाला.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. आवडलेलं जरूर पाठवा, पण एका वेळी एकच. सोबत दोन ओळी लिहा: काय ऐकायचं, कितव्या मिनिटाला, आणि तुम्हाला ते का भावलं. ज्याला ख्याल आवडतो त्याला फक्त ख्याल पाठवू नका. आणि कुणी तुम्हाला पाठवलं तर ऐकून उत्तर द्या, नाही आवडलं तरी. परकं संगीत पहिल्या ऐकण्यात क्वचितच आपलं होतं. त्याला तीन-चारदा संधी द्यावी लागते. तेवढा धीर आपण यंत्राच्या शिफारशीवर धरत नाही, माणसाच्या शब्दाखातर धरतो.