विजेच्या सायकलीची शिदोरी

प्रवासास निघतांना शिदोरी बांधून घेण्याची आपली जुनी चाल. विजेच्या सायकलीची शिदोरी मात्र वाटेंत मागून घ्यावी लागते. गेल्या हिवाळ्यांत पुण्याहून वाईस, सुमारें ८५ किलोमीटर, जातांना आम्हांस हा अनुभव आला.

कात्रजचा चढ ओलांडून शिरवळास पोहोंचलों तों बॅटरी निम्म्याहून अधिक रिती झाली होती, आणि खंबाटकीचा घाट पुढें होता. महामार्गावरील मोटारींच्या जलद चार्जिंगची जोडणी सायकलीस बसत नाहीं. हिला घरगुती तीन पिनांचें सॉकेटच हवें. एका खानावळवाल्यांस विचारलें, तों त्यांनीं बिलाच्या धास्तीनें मान हलविली. तेव्हां आम्हीं हिशेब मांडला: ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास. सारी बॅटरी भरावयासही अर्धें युनिट पुरे; छताचा जुना पंखा पांच तासांत तेवढी वीज खातो! गृहस्थ हंसले व त्यांनीं जागा करून दिली.

२ अँपिअरच्या आमच्या चार्जरास तीन तास लागले. म्हणून लांब जाणारांनीं चार्जर बरोबर ठेवावा, भोजन व विश्रांति घाटाच्या अलीकडेच बेतावी, उन्हांत तापलेली बॅटरी निवल्यावरच जोडावी. विचारल्यावांचून सॉकेटास हात लावूं नये, आणि निघतांना मोबदला पुढें करण्यास चुकूं नये. आपल्या मागून येणाऱ्या वाटसरूस दार उघडें राहील कीं नाहीं, हें आपल्याच वर्तनावर अवलंबून आहे.