खिशातला भूकंपमापक

घरात नवा स्मार्टफोन आला, की त्याच्या गुणांची यादी तोंडपाठ असलेला एकजण घरात निघतोच, आणि बहुधा तो आठवी-नववीत शिकत असतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, साठवण किती, बॅटरी किती तास पुरते, हे सारे त्याला दुकानदाराहून जास्त ठाऊक असते. मोठ्या माणसांचे मत मात्र ठरलेले: बोलता आले आणि फोटो दिसला की पुरे, बाकी सगळे विकण्याचे फंडे!

आज आपण ज्या सोयीचा विचार करणार आहोत, ती दुकानात कोणी दाखवत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षितता आणि आणीबाणी असे एक सदर असते. त्यात भूकंपाच्या सूचनेचे एक बटण आहे. गूगल कंपनीने ही व्यवस्था २०२० मध्ये सुरू केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती भारतात आणली. महाविद्यालयातल्या मुलांना याबद्दल विचारले, की कोणी म्हणते ही निव्वळ जाहिरात. कोणी म्हणते, आता भूकंप होण्याआधी फोनच सांगणार, मग भीती कसली? दोन्ही मते चुकीची आहेत. पण मला विचाराल तर दुसरे अधिक धोक्याचे. नांदेड-लातूरकडच्या माणसाने तरी ते नीट तपासून घ्यावे.

कारण तुम्हाला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे गाढ झोपलेली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. जगाच्या हिशेबात ६.२ हा आकडा फार मोठा नव्हे. घात केला तो नाभी उथळ असल्याने आणि घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर असलेले जड माळवद, ही आपल्याकडची जुनी बांधणी. उन्हाळ्यात थंडगार, पण हादऱ्यात भिंती फाकल्या की माळवद सरळ खाली.

त्या पहाटे प्रत्येक उशाशी एकेक आजचा फोन असता, तर काय झाले असते? हा प्रश्न आपण आकडेमोडीने सोडवू. त्यासाठी आधी फोनच्या पोटात शिरावे लागेल.

फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते, हे तुम्ही रोज पाहता. फोनला खाली कोणते आणि वर कोणते हे कळते कसे? त्यात त्वरणमापक नावाचे एक इवलेसे यंत्र असते. एस.टी.त उभे राहून प्रवास केला असेल, तर त्याचे तत्त्व तुमच्या अंगवळणी पडलेलेच आहे. चालकाने ब्रेक दाबला की तुम्ही पुढे झुकता आणि वरची दांडी पकडलेल्या हाताला ताण बसतो. ब्रेक जितका जोरात, तितका ताण जास्त. म्हणजे डोळे मिटूनसुद्धा केवळ हाताच्या ताणावरून बसचे त्वरण सांगता येईल. फोनमधल्या यंत्रात प्रवाशाच्या जागी सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा असतो आणि हातांच्या जागी सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगा. ठोकळ्याला फणीसारखे दाते असतात. शेजारी तशीच दुसरी, पण स्थिर फणी असते. दोन्हींचे दाते एकमेकांत गुंतल्यासारखे दिसतात, मात्र टेकत नाहीत. त्यांच्यातली फट काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी! ही जोडी म्हणजे एक विद्युत धारित्र, कॅपॅसिटर. ठोकळा सरकला की फट बदलते, फट बदलली की विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते, आणि तो बदल मोजला की त्वरण कळते. तिन्ही दिशांसाठी अशी रचना असते आणि सगळा प्रपंच तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मावतो.

इथे एक गंमत. टेबलावर स्वस्थ पडलेल्या फोनचा त्वरणमापक ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असा आकडा दाखवतो, आणि हातातून सुटून पडणारा फोन, जमिनीवर आदळेपर्यंत, जवळजवळ शून्य! उलटे वाटते ना? यंत्र मोजते तो स्प्रिंगवरचा ताण. टेबलावर ठोकळ्याचे वजन स्प्रिंगांना पेलावे लागते. पडताना ठोकळा आणि फोन सारख्याच वेगाने खाली येतात, मग कोण कोणाला ताणणार? (हा प्रयोग करायचाच असेल तर खाली जाड गादी अंथरा, आणि फोन ज्याचा असेल त्याला आधी विचारा.)

आता भूकंपाकडे वळू. जमिनीखाली खडक तुटला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या प्राथमिक लहरी. त्या खडकाला मागेपुढे दाबत सेकंदाला सुमारे ६ कि.मी. वेगाने जातात आणि सहसा फार नुकसान करत नाहीत. दुसऱ्या दुय्यम लहरी. त्या सेकंदाला सुमारे ३.५ कि.मी. वेगाने मागून येतात, जमीन आडवी हलवतात आणि घरे पाडतात त्या याच. टेबलावर निश्चल पडलेल्या फोनला प्राथमिक लहरींची थरथर लागली, की तो आपले ढोबळ ठिकाण आणि वेळ दूरच्या मुख्य संगणकाला कळवतो. एकट्या फोनच्या साक्षीला किंमत नाही. मांजराने टेबलावर उडी मारली असेल, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला असेल. पण एकाच भागातले शेकडो फोन त्याच क्षणी तीच गोष्ट सांगू लागले, तर ते मांजर नव्हे. मग संगणक भूकंपाचे ठिकाण आणि महत्ता अजमावतो, आणि ती ४.५ किंवा अधिक भरली तर पुढच्या गावांतल्या फोनना इशारा पाठवतो. काचतंतूमधून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख कि.मी. वेगाने धावतो. खडकातली लहर त्याच्यापुढे गोगलगाय!

कल्पना नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. कूपर यांनी १८६८ मध्येच सुचवले होते, की दूरच्या डोंगरात हादरा बसताच तारायंत्राने शहरातली घंटा वाजवावी. जपानमध्ये खास भूकंपमापकांच्या जाळ्यावरून २००७ पासून सर्व जनतेला इशारे दिले जातात. नवे आहे ते एवढेच, की मापक आता लोकांच्या खिशात आहेत.

आता आकडेमोड. समजा, किल्लारीचाच भूकंप पुन्हा झाला. पहिल्या फोनला थरथर लागणे, अनेक फोनांचे एकमत होणे आणि इशारा पोचणे, या सगळ्याला मिळून ८ सेकंद धरू. हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे. तुम्ही ५ किंवा १० धरून पुन्हा करून पाहा. आठ सेकंदांत दुय्यम लहरी ८ × ३.५, म्हणजे २८ कि.मी. गेलेल्या असतील. या २८ कि.मी.च्या वर्तुळातल्या कोणालाही इशारा वेळेवर मिळणार नाही. औसा किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे २४ कि.मी.; तिथे फोन वाजेल तेव्हा जमीन हलू लागलेली असेल. लातूर शहर ४० कि.मी.; तिथे लहरी ११.४ सेकंदांनी पोचतील, म्हणजे हाती राहिले ३.४ सेकंद. अंथरुणातून उठून बसायला एवढे पुरतील. नांदेड सुमारे १४५ कि.मी.; तिथे ४१ वजा ८, तब्बल ३३ सेकंद.

पण १९९३ मध्ये नांदेडला ३३ सेकंदांची गरज कितीशी होती? हादरा तिथेही जाणवला, माणसे घराबाहेर आली. पण घरांचा ढिगारा झाला तो किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत. ती गावे जवळजवळ सगळी आपल्या २८ कि.मी.च्या आंधळ्या वर्तुळात पडतात. जिथे इशारा हवा होता तिथे तो पोचत नाही, आणि जिथे पोचतो तिथे त्याचे फारसे काम नाही. यात कंपनीचा दोष नाही, संगणकाचाही नाही. उथळ, मध्यम महत्तेच्या आणि पायाखालीच होणाऱ्या भूकंपाचा हा भूमितीतला पेच आहे. अशा ठिकाणी माणूस वाचतो तो भिंतीत घातलेल्या सलग पट्ट्यांनी आणि हलक्या छपराने. घर बांधताना खर्च वाढतो म्हणून त्या पट्ट्या गाळणाऱ्याला फोनमधल्या बटणाचा काही उपयोग नाही.

मग सोय कुचकामी म्हणावी का? तसेही नाही. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप घ्या. त्याची महत्ता ७.७ होती. अपिकेंद्रापासून अहमदाबाद सुमारे २३० कि.मी. दूर, तरी तिथल्या इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. तोच हिशेब लावा: ६६ वजा ८, म्हणजे जवळजवळ एक मिनिट. एका मिनिटात खालच्या मजल्यांवरची कितीतरी माणसे मोकळ्यावर येऊ शकतात. मोठा आणि दूरचा भूकंप असेल, तर हे बटण सोन्याच्या मोलाचे.

मात्र फोनांचे एकमत झाले तरी संगणकाचा अंदाज बरोबर येतोच असे नाही. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तानात ७.८ महत्तेचा भूकंप झाला. तेव्हा या व्यवस्थेने त्याची महत्ता पाचाहूनही कमी धरली. झोपलेल्या माणसालाही उठवणारा, फोन मुका ठेवला असला तरी मोठ्याने वाजणारा जो तातडीचा इशारा, तो सुमारे एक कोटी लोकांना वेळेवर जाऊ शकला असता. पहिल्या धक्क्याच्या वेळी तो गेला फक्त ४६९ जणांना. कंपनीने हे २०२५ मध्ये मान्य केले आणि गणिताची रीत सुधारल्याचे सांगितले.

इशारा आणि भाकीत यांतला फरकही पक्का लक्षात ठेवा. फोन सांगतो तो झालेला भूकंप, होणारा नव्हे. किल्लारीत १९९२ मध्येही लहान धक्के बसले होते. नांदेड शहराखाली २००६ च्या अखेरीपासून पुढची काही वर्षे अगदी उथळ, लहान भूकंपांची मालिका चालली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिचा अभ्यास केला. हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ महत्तेचे धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. किल्लारीत लहान धक्क्यांमागून मोठा आला, नांदेडला आला नाही. धक्के चालू असताना या दोहोंतला फरक ओळखण्याची रीत आजही कोणाजवळ नाही, मग फोनजवळ कुठून असणार?

आता शिक्षकांसाठी थोडे. शाळेला पैसे मिळाले की टॅबलेट घ्यावेत की संगणक, असा वाद हमखास होतो. पालक म्हणतात संगणक, मुले म्हणतात टॅबलेट. लांब मजकूर लिहायचा, प्रोग्राम करायचा, तक्ते मांडायचे तर कळफलकाचा संगणकच बरा. काचेवर बोटे आपटून निबंध होत नाही. पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी टॅबलेटच्या बाजूने मत देईन. टेबलावरच्या संगणकाला हलवा, उलटा करा, त्याला पत्ताच नसतो. टॅबलेटला कळते, कारण त्यातही बहुधा त्वरणमापक असतो. काही लॅपटॉपमध्येही एकेकाळी तो असे. आय.बी.एम.ने २००३ मध्ये आणि ॲपलने २००५ मध्ये तो घातला होता. लॅपटॉप पडू लागला की फिरत्या चकतीवरची सुई झटकन उचलून घ्यायची, हे त्याचे काम. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये याच लॅपटॉपचे जाळे विणून भूकंप टिपण्याचा उद्योग सुरू केला, हे कितीजणांना माहीत असेल? पुढे फिरत्या चकत्या गेल्या, त्वरणमापकाचे ते काम संपले. मग २०१६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तीच कल्पना फोनवर आणली.

तुम्हालाही सुरुवात करता येईल. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेले फायफॉक्स नावाचे ॲप फुकट मिळते. त्यात त्वरणाचा आलेख पडद्यावर दिसतो. फोन वर्गातल्या फरशीवर ठेवा. पुस्तकांनी भरलेले दप्तर १ मीटर उंचीवरून टाका, पहिल्यांदा फोनपासून १ मीटरवर, मग २, मग ४ मीटरवर. प्रत्येक वेळी ठोक्याची उंची लिहून ठेवा. कितव्या मीटरला ठोका फोनच्या स्वतःच्या बारीक थरथरीत बुडून जातो? पंखा बंद करून पुन्हा पाहा. मग तोच प्रयोग अंगणातल्या मातीवर करा. आकडे वेगळे येतील. वर्गात दोन फोन असतील तर एक फरशीवर आणि एक बाकावर ठेवा, आणि बाकावरचा ठोका जास्त वेळ का रेंगाळतो, ते शोधा.